खालच्या मजल्याला पाठवलेली नोटीस

आमचे कंपनी कायद्याचे सर वर्गात आले की आधी खिडक्या लावून घ्यायचे, मग पंखा बंद करायचे आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणायचे, "कोर्टात असंच उकडतं. सवय करून घ्या." वाशीतल्या एका प्राथमिक शाळेच्या इमारतीत संध्याकाळी आमचं लॉ कॉलेज भरायचं. बाक चौथीच्या पोरांचे, त्यात आमचे गुडघे अडकायचे. फळ्यावर सकाळच्या बाईंनी लिहिलेला सुविचार असायचा, तो सर कधीही पुसत नसत. दुसऱ्याचा हुकूम आपण परस्पर रद्द करायचा नसतो, त्याविरुद्ध अपिलात जायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. मग उरलेल्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरात लिहायचे. माझ्या वहीत अजूनही 'मोठ्यांचा मान राखावा' याच्या खाली संचालकांना काढून टाकण्याची रीत उतरवलेली आहे, कारण पहिल्या दिवशी सगळा फळाच उतरवायचा असं मला वाटलं होतं.

सर दिसायला काटकुळे, काळेसावळे. सानपाड्याहून स्कूटरवर यायचे, काळा कोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरच्या हुकाला लटकवलेला. व्हरांड्यात उभं राहून तो अंगात चढवायचे, तास संपला की तिथेच उतरवायचे. बिनकोटाचे सर ओळखूच यायचे नाहीत. फोर्टात बरीच वर्षं वकिली करून अचानक सोडली म्हणे. का सोडली यावर पोरांत पैजा लागायच्या, पण विचारायची हिंमत कुणाची नव्हती. आम्हाला ते 'वकीलसाहेब' आणि 'वकीलबाई' म्हणत, तेही अहोजाहो करून, आणि झापतानासुद्धा हा मान सोडत नसत. "वकीलबाई, आपण आज गाढवासारखं बोललात," असं मी त्यांच्याकडून दोनदा तरी ऐकून घेतलं आहे.

त्यांच्या तासाला वादी, प्रतिवादी हे शब्द चालत नसत. वादीला आई असते का, घर असतं का, असं विचारायचे. नाही ना, मग माणसाचं नाव घ्या. एखादी केस समजून घ्यायची म्हणजे आधी त्यातली माणसं राहतात कुठे, कारखान्याचं गेट कुठल्या बाजूला आहे, दोघांतला कोण आधी कामावर येतो, हे सांगायचं. निकालपत्रात ते लिहिलेलं नसलं तर अंदाजाने सांगायचं आणि अंदाज कशावरून केला तेही सांगायचं. कलम-बिलम नंतर. परीक्षेला याचा काडीचा उपयोग नव्हता. हुशार पोरं वैतागून गाइड आणायची, आणि सर ते गाइड हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली करायचे आणि परत द्यायचे.

सगळं झालं, निकाल सांगून झाला, तो का लागला तेही सांगून झालं, की शेवटी एक प्रश्न ठरलेला. "आता सांगा, हा त्याच्या घरी चहा प्यायला जाईल का?"

पहिल्यांदा आम्ही हसलो होतो. पण सर हसत नव्हते. कंपन्या म्हणजे मोठ्ठ्या इमारती नव्हेत, असं ते सांगायचे. आपल्याकडच्या निम्म्या कंपन्या म्हणजे दोन भाऊ, नाहीतर दोन मित्र, नाहीतर सासरा-जावई. कागदावर प्रायव्हेट लिमिटेड, पण आत बघाल तर एकाच्या डब्यातली भाजी दुसरा खातोय. अशांचं भांडण कोर्टात आलं की कोर्ट शेअर मोजतं, आणि मोजायलाच पाहिजे. पण वकिलाने चहाचंही बघायला पाहिजे. आम्हाला हे सगळं भारी विनोदी वाटायचं. कॅन्टीनमध्ये आम्ही एकमेकांना विचारायचो, काय गं, चहा पिणार का माझ्या घरी, की केस टाकू?

एका शनिवारी त्यांनी सगळ्या वर्गाला पोस्टात नेलं. येताना प्रत्येकाने एक पाकीट आणायचं, रिकामं, आणि त्यावर शेजारी बसणाऱ्याचा पत्ता लिहायचा. त्या काळी यूपीसी नावाची एक सोय होती. साध्या कागदावर पत्ता लिहायचा, त्याला तिकीट चिकटवायचं आणि पत्रासोबत खिडकीवर द्यायचा. पोस्टवाला त्या कागदावर गोल शिक्का मारून परत देई. पत्र टाकल्याचा तेवढाच पुरावा. रजिस्टरपेक्षा कितीतरी स्वस्त. समोरच्याची सही नाही, पोच नाही, काही नाही. कंपन्यांच्या नोटिसा सर्रास अशा जायच्या, कारण कायद्यात म्हटलं होतं की पत्र पोस्टात पडलं की ठराविक वेळाने ते पोचलंच असं धरायचं.

आमची रांग बघून खिडकीतला गृहस्थ आधीच त्रासला होता. गावातलाच असावा, बोलण्यावरून. सरांनी पाकीट त्याच्यासमोर हलवून दाखवलं, म्हणाले, आत काही नाहीये, चालेल ना?

"आत काय हाय नाय ते आमी नाय बगत," तो म्हणाला. "शिक्का मारनं आमचा काम."

सरांना काय आनंद झाला म्हणता. बाहेर येऊन ते शिक्क्याचे कागद हातात फडकवत म्हणाले की आता तुम्ही सगळ्यांनी एकमेकांना नोटीस दिलेली आहे. कसली ते तुम्हीच ठरवा. आम्ही हसून लोटपोट झालो. मग त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या पैशाने वडापाव खाऊ घातला आणि जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात नोटिशीवरची केस कोण मांडणार ते हात वर करा.

मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा माझी छाती फुगली होती. "सर, माझ्या वडिलांचीच केस आहे. निकालांच्या रिपोर्टमध्ये छापून आलीय."

सगळे वळून बघायला लागले. सर मात्र नुसते "बरं," म्हणाले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा आणि काका कोकणातून आले, आधी दुसऱ्यांकडे कामं केली आणि मग शिरवण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एक गाळा घेऊन पंपाचे सुटे भाग बनवायला लागले. कंपनी केली. बाबांचे शेअर जास्त, काकाचे कमी. दोघे संचालक. नेरूळला एकाच इमारतीत दोन फ्लॅट घेतले, आमचा दुसऱ्या मजल्यावर, काकाचा पहिल्या. आईने दारातून हाक मारली की काका खालून ओ द्यायचा. मग काकाला कर्ज काढून मोठं मशीन घ्यायचं होतं, बाबांना कर्जाची भीती वाटायची. बोलाचाली वाढल्या. कुणीतरी बाबांना सल्ला दिला, तुमच्याकडे शेअर जास्त आहेत, सभा बोलवा आणि भावाला संचालकपदावरून काढा. बाबांनी तेच केलं. काका कोर्टात गेला. मला सभेची नोटीसच मिळाली नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. बाबांनी यूपीसीचा शिक्का दाखवला. कोर्टाने बाबांच्या बाजूने निकाल दिला.

तो निकाल बाबांनी मरून रंगाच्या रेक्झिनमध्ये बांधून घेतला होता, वर सोनेरी अक्षरं. पाहुणे आले, पोहे झाले, की पुस्तक बाहेर यायचं. बाबांचं इंग्रजी बेताचं, पण एक परिच्छेद त्यांना तोंडपाठ होता. मला वकील करायचं खूळ त्यांच्या डोक्यात त्या पुस्तकानेच घातलं. पाहुणे गेल्यावर मात्र ते पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे आणि कधीतरी आईला विचारायचे, "त्याला मिळाली असेल ना गं?" आई भांडी आवरत म्हणायची, कोर्टाने सांगितलं ना मिळाली, मग झालं. थोड्या दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट परत परत विचारायची सवय असते. खरं तर बाबा तेव्हा म्हातारे नव्हते.

तर मी केस मांडली. झकास तयारी केली होती. गाळ्याचा नकाशा काढला, गेट दाखवलं, दोघांची नावं घेतली. कायदा धडाधड सांगितला. सर माझ्याकडे न बघता निकालपत्राची झेरॉक्स चाळत होते.

मग त्यांनी विचारलं, पत्ते सांगा. मी सांगितले. इमारत एकच आहे का? हो सर. जिना एकच? हो सर. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मला अजून कळलं नव्हतं, मी आपली पटापट उत्तरं देत होते. सर म्हणाले, म्हणजे एक मजला उतरून देता आली असती ती नोटीस पोस्टात टाकली, ती वाशीला जाऊन शिक्के खाऊन परत त्याच जिन्यावर आली. मी म्हणाले, कायद्याने पोस्टाने पाठवलेली चालते, सर. ते म्हणाले, चालते की. मी कुठे नाही म्हटलं.

मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे काकांनी लिहून दिलंय की त्या दिवसांत त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून टपाल घ्यायला घरी कुणी नसायचं. वकीलबाई, बायको माहेरी असताना काका जेवत कुठे होते?"

मी ती ओळ कितीतरी वेळा वाचली होती. खरंच सांगते, कितीतरी वेळा. पण जेवणाचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. काकू पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी गेली. मग धाकटा दीर दोन्ही वेळ वर आमच्याकडेच जेवणार, यात विचारण्यासारखं काय होतं? तो बाबांच्या शेजारी बसायचा. बाबा त्याला लोणच्याची बरणी सरकवायचे. आई त्या दिवसांत त्याला फार आग्रह करकरून वाढायची, नको नको म्हणत असताना तुपाची धार सोडायची, आणि मी कुरकुरायचे की मला का नाही. आणि नोटीस पोस्टात पडल्यापासून सभेपर्यंतचे ते तीन आठवडे रोज असंच चाललं होतं.

"आमच्याकडे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं पुस्तकात वाचलं होतं, त्या संध्याकाळी समजलं. बाबांची लाज वाटत होती, आईची वाटत होती, त्या मरून रंगाच्या पुस्तकाची वाटत होती, आणि सगळ्यात जास्त त्या फुगलेल्या छातीची.

सर म्हणाले, "निकाल बरोबर आहे. मी तिथे असतो तर हाच दिला असता." ते मला सावरण्यासाठी म्हणाले असतील, पण मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. मग त्यांनी खालच्या आवाजात तो प्रश्न विचारला, चहाचा. मी म्हणाले, माहीत नाही. निकालानंतर काका फ्लॅट विकून कळंबोलीला गेला होता, येणं-जाणं नव्हतं.

"मग केस अपुरी आहे," सर म्हणाले. "विचारून या."

त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगून आम्ही पोट धरून हसायचो, त्यातला हा एक माझ्या वाट्याला आला. दुसरा कुणी असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. पण त्याशिवाय सर जर्नलवर सही करणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर मलाही आता गप्प बसवत नव्हतं.

काका कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या गोदामावर देखरेखीला होता. ट्रकांच्या मधून वाट काढत मी विचारत विचारत पोचले. त्याने मला बघितलं, हातातला कागद खाली ठेवला आणि काही न विचारता घरी घेऊन गेला. घर जवळच होतं. माहेरी जन्मलेली ती चुलतबहीण आता शाळेत जाणारी झाली होती. तिने काकूला विचारलं, "ही कोण?" काकू आत जाऊन भांड्यांचा आवाज करत राहिली.

मी काकाला सगळं सांगून टाकलं. सर, वर्ग, जेवणाचा प्रश्न. बाबांच्या वतीने माफी मागावी असं मनात होतं, पण तोंडातून धड वाक्य निघेना. काका पायाचा अंगठा चोळत ऐकत होता. मग म्हणाला, "नोटीस मला मिळाली होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दुसऱ्याच दिवशी मिळाली. पोस्टमनने हातात दिली. त्या दिवशी मी वर जेवायला आलो तेव्हा ती खिशातच होती."

"मग कोर्टात तू नाही कसं म्हणालास?"

"हो म्हटलं असतं, तर वकिलाने विचारलं असतं, मिळाली होती तर रोज वर जेवायला कसे जात होता. काय सांगणार होतो गं मी? मला वाटायचं, आज दादा सांगेल. भात कालवताना सांगेल, हात धुताना सांगेल. तो सांगेना आणि माझ्याच्याने विचारवेना. तीन आठवडे माहीत असून जेवलो त्याच्या ताटाशी बसून. कोर्टात खोटं बोलणं सोपं गेलं त्यापेक्षा."

बाबांना सांगू का, असं मी विचारलं. काका म्हणाला, तुला वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे. काकूने चहा आणून ठेवला. बहीण माझ्याकडे टकामका बघत होती. मी चहा प्यायले, काकाही प्यायला, आणि निघताना त्याने मला बसमध्ये बसवून दिलं.

सरांच्या घरी मी एकदाच गेले, ती तेव्हा. सानपाड्याला एका खोलीत पुस्तकांच्या चवडी आणि एक खुर्ची. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः चवडीवर बसले. मी सगळं सांगून संपवलं. इतकी वर्षं कोर्टात आणि वर्गात काढलेला माणूस, पण चेहरा अगदी एवढासा झाला होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटायचं, या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर असतं."

जर्नलमध्ये काय लिहू, असं मी विचारलं. ते म्हणाले, निकाल लिहा, कारणं लिहा, बाकी काही लिहू नका. त्यांनी कोऱ्या पानावर आधीच सही करून दिली. एरवी कुठल्याही कागदावर तीन-तीनदा वाचून सही करणारा माणूस. पुढच्या वर्षीच्या पोरांकडून कळलं की सर वर्गाची खिडकी लावतात, पंखा बंद करतात, माणसांची नावं घ्यायला लावतात, पण चहाचं काही विचारत नाहीत. कसला चहा, असं उलट त्या पोरांनीच मला विचारलं. त्यांचा तो एकुलता एक प्रश्न माझ्यामुळे गेला, याची मला आजही चुटपुट लागते. त्यानंतर ते फार वर्षं शिकवायला राहिले नाहीत.

सरांकडून मी थेट घरी आले. पानं घेतलेली होती. बाबा माझीच वाट बघत होते. केस वर्गात मांडली हे त्यांना माहीत होतं, त्या आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांनासुद्धा सांगून ठेवलं होतं. काय म्हणाले सर, असं त्यांनी मोठ्या उत्सुकतेने विचारलं. मी सांगितलं, निकाल बरोबर आहे म्हणाले. बाबा खूश झाले. आईकडे बघून म्हणाले, बघ, वकिलांचे गुरू म्हणतायत.

मग घास हातात तसाच धरून त्यांनी आवाज खाली आणला. "तू आता कायदा शिकतेस. तुला काय वाटतं? त्याला खरंच मिळाली असेल?"

आई वाढता वाढता थांबली. मी एक शब्द बोलले असते तर बाबांची इतक्या वर्षांची टोचणी संपली असती. आणि त्याच शब्दाने त्यांना कळलं असतं की भाऊ शेजारी बसून रोज त्यांच्या तोंडाकडे बघत होता. काय केलेलं बरं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि बाबा गेले तरी कळलेलं नाही.

"कायद्याने मिळाली, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हिला भात वाढ, असं आईला म्हणाले. मी मान खाली घालून जेवले.